निःपक्षपाती कडी

४ सप्टेंबर, गुरुवार

चौकातल्या घोड्यांच्या पाळण्याचा मालक अनिबाल हर्नियाच्या ऑपरेशनला चालला आहे. पाळणा तोवर बंद, असं ऐकलं आणि मीच पुढे झाले. म्हटलं, मी चालवते. अख्खी नोकरी फॅमिली कोर्टात निकाल टाइप करण्यात गेली, एक मोटर आणि एक स्विच मला जड नाही. अनिबाल म्हणाला, मोटर काय, शेंबडं पोरसुद्धा चालवेल बाई, खरं काम कडीचं.

तर ती कडी. पाळणा फिरत असताना आपण बाहेर उभं राहून एक लाकडी नासपती, म्हणजे त्या फळाच्या आकाराचा लाकडी गोळा, पोरांसमोर धरायची. तिच्या टोकात लोखंडी कडी अडकवलेली असते. फिरत्या घोड्यावरून जो ती खेचून घेईल, त्याला पुढची फेरी फुकट. अनिबाल पोरांना चार हुलकावण्या देतो आणि मग मनाला येईल त्याच्या हातात कडी अलगद सोडतो. याला मी वशिला म्हणते. बाकावर बसून त्याला कितीदा तरी सुनावलं आहे. तो म्हणे, झुलवा हवं तेवढं, पण रडवून घरी पाठवू नका. कुठल्या कायद्यात आहे हे?

संकल्प: उद्यापासून या चौकात न्याय होईल.

५ सप्टेंबर

नासपती पुतळ्यासारखी स्थिर धरली. निकाल: एक लांब हातांचा ताडमाड मुलगा दर फेरीला कडी घेऊन गेला आणि संध्याकाळभर फुकट फिरला. लहान पोरं रडली. दोष पद्धतीत नाही. देवाने हात सारख्या लांबीचे दिले नाहीत, त्याला मी काय करू?

उद्यापासून आडनावांप्रमाणे, ए पासून. कोर्टात असंच असतं.

६ सप्टेंबर, शनिवार

उत्तम चाललं. मी नाव पुकारते, "आल्वारेझ!", आणि त्यालाच कडी मिळते. बाकीच्यांचे हात आले की नासपती मागे. एक बाप ओरडला, बाई, हा पाळणा आहे की रेशनची रांग? चेहरा लक्षात ठेवला आहे.

बेबा सुबिरी नातीला घेऊन आली. याच बेबाने चर्चच्या जत्रेत चारचौघांत सांगितलं होतं, की माझ्या एम्पानादांच्या, म्हणजे आमच्या खिम्याच्या करंज्यांच्या, पाऱ्या विकतच्या असतात. असतात. पण प्रश्न पाऱ्यांचा नाही, चारचौघांत बोलण्याचा आहे. असो. मी ते कधीच विसरून गेले.

नात लुहान, सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली. नेहमी पांढऱ्या घोड्यावर. बेबा म्हणाली, अगं नेलिदा, माझ्या मुलाला तिकडे लांब कोमोदोरोला तेलाच्या कंपनीत नोकरी लागली, पंधरा तारखेला ती सगळी निघाली, मी इथेच. पोरीला आजवर एकदाही कडी मिळालेली नाही, जाण्याआधी एकदा मिळू दे. मी म्हटलं, नंबर आला की मिळेल. सुबिरी लिहिताना झेडने सुरू होतं. मुळाक्षरं मी लावलेली नाहीत.

७ सप्टेंबर, रविवार

फादरचं प्रवचन कोत्या मनाच्या माणसांवर होतं. कुणाला उद्देशून होतं ते मी मान वळवून पाहिलं. कळलं नाही.

संध्याकाळी व्ही पर्यंत आले आणि दोन थेंब पडले. मोटर विजेची, धोका कशाला पत्करायचा? बंद केलं. लुहान घोड्यावरून उतरली आणि मला म्हणाली, उद्या सोमवार, पाळणा बंद, मग मंगळवारी पहिली मीच ना आजी? मी छत्री शोधत होते.

९ सप्टेंबर, मंगळवार

स्थगित झालेलं कामकाज नव्याने सुरू होतं, तेव्हा ते पहिल्यापासून सुरू होतं. निदान आमच्या कोर्टात तरी माझ्या आठवणीप्रमाणे असंच होतं. ए पासून पुकारलं.

तरीही लुहानने हात लांब केला. तिची बोटं कडीला लागलीच होती. तेवढ्यात बेबा बाकावरून ओरडली, नेलिदा, हात एवढा चपळ आहे तर पाऱ्या घरी का लाटत नाहीस? सगळा बाक हसला. नासपती मागे आली. मी ओढली असं म्हणता येणार नाही.

फेरी संपल्यावर पोरगी समोर येऊन उभी. आजी, तुम्ही मागे का घेतलीत? लहान मुलाला काय सांगणार? म्हटलं, बाळ, माझं मनगट दुखतं, ते आपोआप झटका घेतं. फार दुखतं का, तिने विचारलं. म्हटलं, फार. या वयात कुठलंही मनगट केव्हाही दुखू शकतं, म्हणजे हे खोटं नाही. शाळेतल्या सिस्टर पर्पेतुआने याला खोटंच म्हटलं असतं. पण त्या वारल्या.

११ सप्टेंबर, गुरुवार

आमच्या देशातला शिक्षकदिन. शाळांना सुट्टी, तुफान गर्दी. सकाळी येर्बाचा कडू चहा पितानाच ठरवलं: आज मुळाक्षरं तहकूब. आज लुहान. मन अगदी हलकं झालं.

दुपारी बेबा एम्पानादांचं ताट घेऊन आली. घरी लाटलेल्या पाऱ्यांच्या. सगळ्या बाकाला वाटल्या. मलाही दिली, म्हणाली, घे गं, भांडण आपल्या जागी. पारी खुसखुशीत होती. तिचा हेतू तोच होता.

पुढच्या फेरीला लुहान आली, हात लांब केला आणि माझं मनगट हललं. मी ते हलताना पाहिलं, जसं परक्या बाईचं मनगट पाहावं तसं. पोरगी रडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्या मनगटाकडे बघत पुढे गेली.

झोप नीट लागली नाही. एम्पानादांत कांदा फार होता.

१३ सप्टेंबर, शनिवार

पापकबुलीला गेले. चिडचिड होते, एवढं मोघम सांगितलं. फादरने विचारलं, आणखी काही? म्हटलं, नाही. त्याने तीन प्रार्थना सांगितल्या. मी दहा म्हटल्या. उरलेल्या जमा राहू देत.

संध्याकाळी लुहान आलीच नाही. सामान बांधायचं चाललं असेल. बेबाच्या घरावरून दोनदा गेले. तो बेकरीचा रस्ता आहे. बेकरीत काही घेतलं नाही.

उद्या तिचा इथला शेवटचा दिवस. उद्या काय वाटेल ते होवो. बेबाने चौकात उभं राहून माझी पाककृती गाऊन दाखवली तरी चालेल.

१४ सप्टेंबर, रविवार

लिहून टाकते.

लुहान आली, पांढऱ्या घोड्यावर बसली. मी कडी आधीच सैल करून ठेवली होती, फुंकर घातली तरी निघाली असती. नासपती तिच्या नाकासमोर धरली. पोरीने दोन्ही हातांनी घोड्याची मान धरली होती. हात पुढे केलाच नाही. पुढच्या चकरेलाही नाही. मी म्हटलं, घे ना! नाही. मग मी तिच्या बाजूने चालू लागले. मग धावू लागले. या वयात, चांगले बूट घालून, लाकडी घोड्यामागे, हातात नासपती. बाकावरच्यांनी टाळ्या वाजवल्या. तो रेशनवाला बाप शिट्टी वाजवत होता. मी ओरडत होते, घे गं बाई, खेच!

पोरगी वरून म्हणाली, नको आजी, मी खेचलं तर तुमचं मनगट आणखी दुखेल.

मोटर बंद केली. कडी काढून तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती नीट उलटीसुलटी करून पाहिली आणि मला परत दिली. म्हणाली, अशी नसते घ्यायची, पकडायची असते. मग माझ्या गालाचा मुका घेतला. बेबा जवळच उभी होती. तिने पोरीचा हात धरला आणि घराकडे वळली.

१६ सप्टेंबर, मंगळवार

ती मंडळी काल गेली.

अनिबाल ठरल्यापेक्षा आठवडा आधीच परतला, पोट धरून चालतो आहे. डॉक्टरांनी नको म्हटलं तरी म्हणे घरात करमत नाही. विचारलं, कसं काय झालं बाई? म्हटलं, लेखी तक्रार एकही नाही. सगळ्यांना मिळाली का कडी? म्हटलं, बहुतेकांना. झेडच्या बाबतीत पद्धतीत थोडी सुधारणा हवी, एवढं मी स्वतःहून सांगितलं. त्याला काही कळलं नाही.

संध्याकाळी त्याने पहिल्याच फेरीला एका शेंबड्याला कडी दिली. उघड उघड वशिला. मी बाकावरून काही बोलले नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

दारावर बेबा. मनात तीन सडेतोड उत्तरं तयार करून दार उघडलं. तिने पिशवीतून एक मलमाची डबी काढली. लुहानने जाताना आईला औषधांच्या दुकानात थांबायला लावलं म्हणे, गाडी चुकता चुकता राहिली. निरोप असा: दिवसातून दोनदा चोळायचं आणि वरून लोकरी कापड गुंडाळायचं.

बेबा म्हणाली, मी तिला काही सांगितलेलं नाही, नेलिदा. आणि जिना उतरून गेली. तीन उत्तरांतलं एकही उपयोगी पडलं नाही.

मनगटाला काहीही झालेलं नाही.

दोनदा चोळलं. वरून लोकरी कापड गुंडाळलं आहे, म्हणून अक्षर असं येतं आहे.