नदीच्या वाटेवरचं फाटक

सर, तुम्ही लावलेलं फाटक मागच्या मंगळवारी पाडलं. जेसीबीने पहिल्यांदा डावा खांब ओढला, मग उजवा, आणि 'फक्त सदस्यांसाठी' असं लिहिलेली पाटी चाकाखाली गेली तेव्हा तिचा जो आवाज झाला तो मी कान देऊन ऐकला. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली असतील, त्यामुळे हे तुम्हाला कोणी सांगणार नाही. म्हणून मी सांगते. आज रविवार आहे, दुपारची जेवणं झाली आहेत, कामोठ्यातल्या या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पलीकडच्या खोलीत बाबा झोपलेत आणि मी डायनिंग टेबलवर ऑफिसचा जुना पॅड घेऊन बसले आहे. मी कोण हे तुम्हाला आठवायला थोडा वेळ लागेल. दुसऱ्या बाकावरची, तेल लावून दोन वेण्या घालणारी, एपीएमसी मार्केटमध्ये कांद्याच्या गोणी उचलणाऱ्याची मुलगी. जिच्या घरी तुम्ही जेवलात.

तुम्ही देशावरून बदली होऊन आमच्या शाळेत आलात तेव्हा मी नववीत होते. भूगोल शिकवायचात, आणि चांगलं शिकवायचात, हे मला आजही नाकारता येत नाही. नकाशातल्या खुणा शिकवताना तुम्ही फळ्यावर रस्ता काढायचात, विहीर काढायचात, आणि तुटक रेघ काढून म्हणायचात, "ही पायवाट. रेघ तुटक आहे म्हणून वाट तुटक समजू नका. माणूस इथून जातो, एवढाच तिचा अर्थ." एकदा तुम्ही वर्गात विचारलंत, आपल्या नदीत कोणते मासे आहेत? मी उभी राहून सांगत गेले. मरळ, शिंगटी, वाम, खवली, दगडाखालची झिंगे. तुम्ही पुस्तक मिटलंत आणि म्हणालात, "तुला कोणी शिकवलं?" मी म्हटलं, बाबांनी. पुढच्या रविवारी तुम्ही आमच्या दारात होतात.

बाबांना आठवड्यातून तेवढा एकच दिवस मिळायचा. सहा दिवस पाठीवर गोणी आणि सातव्या दिवशी खांद्यावर पाग, हाताने फेकायचं जाळं. तो पाग त्यांनी स्वतः विणलेला होता, एका हिवाळ्यात, ओटीवर बसून, पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून. कडेची शिसं त्यांनी चुलीवर वितळवून ओतली होती. फेकला की पाण्यावर ताटासारखा गोल पडायचा. तुम्ही त्यांच्याकडून नदी शिकलात, सर. पाग तुम्हाला कधी जमला नाही, म्हणून बाबांनी तुम्हाला तंगूसाच्या दोरीला गळ बांधायला शिकवलं, गांडूळ कसं लावायचं ते दाखवलं. त्याआधी नदीवर वागायचं कसं ते शिकवलं. डोहावर आधीच कोणी बसलं असेल तर लांबूनच हाक मारायची, "येऊ काय?" आणि तो हो म्हणाला तरी त्याच्या खालच्या अंगाला बसायचं, वरचं पाणी ढवळायचं नाही. गाभोळीची मादी हातात आली तर तिला परत सोडायची. पहिल्या पावसात वर चढणाऱ्या, चढणीच्या माशांच्या वाटेत आडवं जाळं लावायचं नाही. तुम्ही विचारलंत, "आणि नाही पाळलं तर?" बाबा हसले. म्हणाले, "कोन बघतंय, सर? पन पुढच्या वर्षी मासा कुठनं येल?"

दोन डोह गावातल्या सगळ्यांना ठाऊक होते. तिसरा बाबांनी कोणाला दाखवला नव्हता, सख्ख्या भावालासुद्धा नाही. करंजांच्या मागे, पायवाट संपते तिथून थोडं खाली. तुम्हाला दाखवला. त्या दिवशी तुम्हाला हातभर मरळ लागली आणि तुम्ही लहान मुलासारखे ओरडलात. घरी आलो, आईने तिचं कालवण केलं, तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसलात. आई सारखी म्हणत होती, "सर, काटा बघून खा." तुम्ही तीन वेळा भात घेतलात. जाताना म्हणालात, "वहिनी, माझ्या आईनंतर असं कोणी वाढलं नाही." आई त्यावर आठवडाभर खूश होती. मला तुम्ही दिवाळीत एक रॉड आणून दिलात, रीळ लावलेला, खरा फायबरचा. गावात तसा कोणाकडे नव्हता. मी तो उशाशी घेऊन झोपायचे. हे सगळं मी मुद्दाम लिहिते आहे. तुम्ही परके असतात तर मला एवढा राग आला नसता.

मग तुमचे वाशीचे मित्र येऊ लागले. गाड्या घेऊन, टोप्या घालून, घडीच्या खुर्च्या घेऊन. बाबांनी त्यांनाही जागा दिली. वर्षभरात तुम्ही सगळ्यांनी मिळून नदीकाठची जमीन घेतली, क्लब काढला, आणि मी दहावीत असताना त्या पायवाटेवर फाटक उभं राहिलं. कुलूप, रखवालदार, पाटी. गावातल्या बायका कपडे धुवायला, गौरीचे खडे आणायला त्याच वाटेने जायच्या. त्यांना पुलावरून वळसा पडला. बाबा म्हणाले, "सर हायेत ना तिथं. आपल्याला कोन अडवतंय?"

तो रविवार मी विसरले नाही. पाग बाबांच्या खांद्यावर, रॉड माझ्या हातात. रखवालदाराने आदल्या आठवड्यात आम्हाला मुकाट्याने आत सोडलं होतं, त्या दिवशी मात्र दंड धरला. दोन दिवसांपूर्वी कोणीतरी वरच्या डोहात ब्लीचिंग पावडर टाकली होती, मासे पोट वर करून तरंगले होते, आणि तुमचे पाहुणे चिडले होते. तुम्ही खुर्चीवरून उठून आलात. तुमच्याबरोबर एक जाड गृहस्थ होते, त्यांनी विचारलं, "कोण आहे हा?" बाबांचा चेहरा तुम्हाला बघून उजळला, सर. ते म्हणाले, "सर, मी हाय. तुमीच सांगा यांना."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग त्या गृहस्थांकडे पाहिलंत. आणि म्हणालात, "ओळखतो मी यांना. गावातलेच आहेत. पावडर टाकणाऱ्यांतले."

रखवालदाराने पाग खांद्यावरून ओढला आणि कोयता काढला. जाळं ढिलं असलं की कोयत्याची धार लागत नाही, दोरा नुसता सरकतो. त्याला ते जमेना. तेव्हा तुम्ही वाकलात आणि पागाचं एक टोक ताणून धरलंत. तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मी बघत होते, तुम्हाला कोणीही सांगितलं नव्हतं. शिसं एकेक करून मातीत पडली. बाबा ती वेचायला खाली बसले आणि तुमच्या पाहुण्यांपैकी कोणीतरी हसलं.

घरी आल्यावर मी रॉड गुडघ्यावर मोडला. त्याची कुसं तळहातात घुसली, आईने ती सुईने काढली. काढता काढता ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "त्याला जेवू घातलं मी." तुम्ही ज्या ताटात जेवलात ते तिने दुसऱ्या दिवशी बोहारणीला देऊन टाकलं. आणि दुसऱ्या दिवशीच तुम्ही वर्गात मला उभं केलंत. विचारलंत, नदी कोणाची असते? मी म्हटलं, "सगळ्यांची." तुम्ही म्हणालात, "चूक. पात्र शासनाचं, आणि काठ ज्याचा सातबारा त्याचा. पुस्तक वाचत जा, घरी ऐकलेलं सांगत जाऊ नकोस. बस." वर्ग हसला. मी बसले. बसतानाच मी ठरवलं होतं. काय ठरवलं ते तेव्हा मला सांगता आलं नसतं, पण ठरवलं होतं.

बाबा पुन्हा नदीवर गेले नाहीत. रविवारी ओटीवर बसून राहायचे, हात मांडीवर ठेवून. नवीन पाग विणा म्हटलं तर म्हणायचे, "डोळे गेले." डोळे चांगले होते. मी आयटीआयला नकाशे काढायचा कोर्स करत होते तेव्हा तुम्ही गेल्याची बातमी आली. बाबांनी लग्नाकार्याचा पांढरा शर्ट घातला आणि निघाले. मी दारात उभी राहिले. म्हटलं, "गेलात तर मी या घरात राहणार नाही." ते म्हणाले, "अगो, मानूस गेला." मी हलले नाही. ते परत येऊन बसले आणि तो शर्ट न काढता संध्याकाळपर्यंत तसेच बसून राहिले. तुमच्या मयताला गावातलं कोणी आलं नाही, असं मी नंतर ऐकलं. ऐकून मला बरं वाटलं. अजूनही वाटतं.

जमीन मोजणीच्या कचेरीत मी नोकरीला लागले, सर. माझं काम फाटलेल्या जुन्या नकाशांच्या नकला काढायचं. काचेच्या टेबलाखाली दिवा, वर जुना कागद, त्यावर नवा कागद. दहाएक वर्षं मी आपल्या गावाच्या नकाशाची वाट बघितली. मग एका सकाळी तो माझ्या टेबलावर आला, घड्यांवर चिरलेला, कडा वाळवीने खाल्लेल्या. आणि गावठाणापासून थेट नदीच्या पात्रापर्यंत ती होती. तुटक रेघ. तुमच्या क्लबच्या बरोब्बर मधून गेलेली. तुम्ही फळ्यावर काढायचात अगदी तशी. मी टेबलावर डोकं टेकून हसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का?

नकाशाची नक्कल मी इतर कोणीही काढतं तशी अर्ज करून काढली. दावा गावातल्या बायकांनी केला. सह्या घेत मी घरोघर फिरले. तहसीलला तारखा पडत गेल्या. क्लबचा अध्यक्ष आता तुमचा मुलगा आहे. तुमच्यासारखाच बोलतो, वाक्याच्या शेवटी थोडं थांबून. तो म्हणाला, "इथे वाट कधी नव्हतीच. माझ्या वडिलांनी ही नदी जपली, नाहीतर गावाने तिचं गटार केलं असतं." मी उठले. म्हटलं, "तुमच्या वडिलांना ही नदी माझ्या बाबांनी दाखवली. ज्या वाटेने दाखवली ती या नकाशात आहे." त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसलं. तुम्ही घरी कधी सांगितलंच नव्हतं. मला वाटलं होतं निदान लाज म्हणून तरी सांगितलं असेल.

निकाल लागला आणि मंगळवारी आम्ही तिथे होतो. मंडळ अधिकारी फाइल घेऊन, गावातल्या दहाबारा बायका, जेसीबी, आणि तुमचा मुलगा. फाटक गेलं, कुंपण गेलं. मग पुढे करंजांखाली दगडी बाक दिसला, तुमच्या नावाचा. संगमरवरी पाटीवर लिहिलं होतं, 'नदीवर जीवापाड प्रेम करणाऱ्या सरांच्या स्मरणार्थ.' मी ते दोनदा वाचलं. तुमचा मुलगा माझ्याजवळ आला, हात जोडून. "मॅडम, वाट तुमची, मान्य. बाक तेवढा राहू द्या. नाहीतर दोन दिवस द्या, मी माणसं आणून नीट उचलून नेतो. बाबांचं दुसरं काही उरलं नाही माझ्याकडे."

मंडळ अधिकाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, नकाशा तुम्हाला पाठ आहे. हा वाटेत येतो का?"

मी म्हटलं, "येतो."

एका धक्क्यात गेला. पाटीचे चार तुकडे झाले. तुमचा मुलगा खाली बसून ते वेचायला लागला, आणि मी तिथून हलले नाही. सगळे वेचून होईपर्यंत उभी राहिले.

घरी येऊन बाबांना सांगितलं, फाटक पडलं. त्यांनी विचारलं, "सरांचा पोर होता काय? काय बोलला?" मी म्हटलं, काही नाही. आज सकाळी त्यांना रिक्षाने नेलं. दगडावर बसून त्यांनी पाय पाण्यात सोडले. पलीकडे बायका धुणं धूत होत्या. बाबा म्हणाले, "पानी बरं हाय अजून." एवढंच. तुमचं नाव काढलं नाही त्यांनी, मीही नाही. येताना ते बाकाच्या जागेशी थांबले, तिथे उकरलेली माती होती, आणि विचारलं, इथे काय होतं? मी म्हटलं, काही नाही, त्यांचंच कायतरी बांधकाम.

तुमच्या मुलाचा पत्ता दाव्याच्या कागदांवर आहे. हे पत्र त्याला पाठवावं, त्याने एकदा तरी वाचावं, असं सकाळपासून मनात होतं. पण नाही पाठवत. पागाचं टोक तुम्ही धरलंत ते त्याला कळावं अशी माझी फार इच्छा आहे, आणि ते कळवायचं तर बाकीचंही खरं लिहावं लागेल. सर, तो बाक वाटेत येत नव्हता. चांगला दोन हात बाहेर होता.