फुटला की फोडला

बाई,

परवा कामोठ्यातून रिक्षानं जाताना तुमची बिल्डिंग दिसली. रंग बदललाय, गॅलऱ्यांना जाळ्या लागल्यात, पण तुमच्या खिडकीत दुपारचं तसंच पिवळट ऊन पडलं होतं. वाटलं, आत अजून आम्ही शिकवणीच्या सहाजणी सतरंजीवर बसलोय, खाडीकडून खारट वारा येतोय, आणि तुम्ही खाकी कव्हरची डिक्शनरी मांडीवर घेऊन सावकाश पानं उलटताय. "स्मॅश," तुम्ही म्हणता. "जोरात आपटून चुराडा करणं. नुसतं तुटणं नाही, त्यात जोर हवा." गाडी भिंतीवर आदळली तरी स्मॅश. बॅडमिंटनमध्ये वरून खाली हाणलेला फटका, तोही स्मॅश. आणि सिनेमा तुफान चालला तर स्मॅश हिट. यावर आम्ही हसतो, कारण इतका वेळ मोडतोड करणाऱ्या शब्दात एकदम शिट्ट्या कुठून आल्या. "सोबत कोण आहे त्यावर शब्दाचा स्वभाव ठरतो," तुम्ही म्हणता, आणि प्रत्येक अर्थाचं एकेक वाक्य करून आणायला सांगता.

मी आठवीत होते. बॅडमिंटनचं वाक्य पटकन झालं, गाडीचं आणि सिनेमाचंही. पहिल्या अर्थापाशी पेन बराच वेळ थांबलं, आणि मग मी लिहिलं, माय फादर स्मॅश्ड द टीव्ही.

दुसऱ्या दिवशी वह्या तपासून झाल्यावर तुम्ही बाकीच्यांना सोडलंत आणि मला स्वयंपाकघरात नेलंत. चहाचं आधण ठेवून, माझ्याकडे पाठ करूनच विचारलंत, "टीव्ही फुटला की फोडला?"

"फुटला," मी म्हटलं. "टेबल हललं."

"मग क्रियापद चुकलंय. पडून फुटला असेल तर ब्रोक लिहायचं. खोडून देऊ?"

आमच्या घरी सगळं फुटायचंच. कपबशा फुटल्या, आरसा फुटला, आणि आवाज ऐकून शेजारीण दारात आली की आई हसून म्हणायची, काही नाही हो, फुटलं. त्या वाक्यात फोडणारा कधी नसायचाच. मीही तसंच बोलायला शिकले होते. त्या दुपारी चहा उकळत होता, आणि मला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा ऐकू आला. "खोडू नका."

तुम्ही गॅस बारीक केलात आणि त्या वाक्यापुढे बरोबरची खूण केलीत. "रविवारी आईला घेऊन ये. घरी सांग, अभ्यासाबद्दल बोलायचंय."

रविवारी आई आली ती अवघडून तुमच्या ओट्यापाशी उभी राहिली. मेथीची जुडी दिसली तशी विचारल्याशिवाय निवडायला बसली. तुम्हीही समोर बसलात. दोघींनी मिळून जुडी निवडून संपवली. मग तुम्ही वही तिच्यापुढे धरलीत, वाक्याचा अर्थ सांगितलात आणि विचारलंत, "हिनं बरोबर लिहिलंय का?"

आईनं हात पुसले. "त्यांनीच फोडला," ती म्हणाली. "ही जरा बाजूला होती म्हणून."

तिच्या तोंडून ते पहिल्यांदाच बाहेर पडलं असावं, कारण ती स्वतःच दचकली.

मामाला फोन तुमच्याच घरून गेला. तो उरणकडच्या गावातून टेम्पो घेऊन आला. बाबांसमोर तो एवढंच म्हणाला, "ह्या दोघी आमच्याकडं रातील आता." मग आईकडे वळून, "चल, आमी हाय ना." दोन पिशव्या घेऊन आम्ही निघालो. दहावीपर्यंत मी दर रविवारी एसटीनं पनवेलला आणि तिथून तुमच्याकडे येत राहिले. तुम्ही पुन्हा तो विषय काढला नाहीत. आल्यावर फक्त विचारायचात, "घरी सगळं शांत?" मी हो म्हणायचे, आणि ते खरं असायचं.

तुम्ही गेलात तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं की आजारपणाचं मला उशिरा कळलं. तसं नव्हतं, बाई. मला वेळेत कळलं होतं आणि मी आलेही होते. त्याच वर्षी मी बाबांना माझ्याकडे आणलं होतं. त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती, मीच त्यांना भरवत होते. आई त्यामुळे माझ्याकडे यायची थांबली होती. तुम्ही नेहमीसारखं घरचं विचारलं असतंत आणि मला हे सांगावं लागलं असतं. तुमच्या दारात चपला काढल्या होत्या, बेलवर बोट ठेवलं होतं. मग चपला घातल्या आणि जिना उतरले.