सोळा चिठ्ठ्या, चौदा रविवार

३ मे १९९२, रविवार

शेवटचा नंबर! हंड्यात अर्धं पाणी, अर्धा गाळ. टँकरवाला रघू म्हणतो, "शेवटल्याला गालच येल ताई, मी काय करू?" वरसावेहून इथवर आणतो बिचारा, त्याला काय बोलणार.

पद्धत अशी. शनिवारी चाळीच्या सोळा घरांपैकी प्रत्येकाने आपलं नाव लिहून चिठ्ठी डब्यात टाकायची. रविवारी सेक्रेटरी पंढरीनाथ एकच काढतात. निघेल त्या खोलीपासून पुढे क्रमाने रांग, सोळानंतर परत एक. उरलेल्या चिठ्ठ्या न उघडताच फेकायच्या — म्हणे वाद नको. आज परत खोली नंबर अकरा, हंसाबेन. आम्ही दहा. म्हणजे ती पहिली की आम्ही सोळावे, ठरलेलंच.

५ मे

खात्याची परीक्षा जूनच्या चौदाला. दोनदा नापास झाले, दोन्ही वेळा संख्याशास्त्रात. प्रश्नसंग्रह उघडला. 'एका पिशवीत पाच लाल व चार निळे चेंडू आहेत. न बघता एक काढला.' न बघता का? कोण आहे हा माणूस? त्याला दुसरं काम नाही?

शिवाय आलेखवहीचं पान परत फाटलेलं. बाबाजी — माझे सासरे — चिठ्ठीसाठी माझीच वही फाडतात. घरात जुन्या कॅलेंडरांचा ढीग पडलाय, पण नाही.

१० मे, रविवार

परत अकरा!! परत गाळ.

दुपारी बसून आठवून आठवून लिहून काढलं. फेब्रुवारीपासून चौदा टँकर. घरं सोळा. हंसाबेनच्या वाट्याला एखादा यावा. आले सहा.

११ मे

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत गणित मांडलं. शून्य गृहीतक — सोडत निर्मळ आहे. तसं असेल तर चौदांत सहा किंवा जास्त वेळा एकच घर निघण्याची शक्यता ०.०००१२. दहा हजारांत एक! तीनदा तपासलं. गृहीतक नाकारलं. आयुष्यात पहिल्यांदा या विषयात माझं उत्तर ठाम आलं, आणि तेही पुस्तकाच्या मागे न बघता.

डबा कोणाकडे असतो? पंढरीनाथांकडे. झालं तर मग.

१३ मे

बाबाजींना सांगितलं. म्हणाले, "असू दे सुगंधा. तिच्या घरी आजारी माणूस आहे." ठाऊक आहे मला. दिवाळीपासून तिच्या नवऱ्याचं अर्धं अंग गेलंय, रोज चादरी धुवाव्या लागतात. पण मग तसं सांगून पहिला नंबर मागावा की. सेक्रेटरीने लबाडी कशाला करायची? नियम म्हणजे नियम.

बाबाजी पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसले. माणूस पटत नसलं की गॅलरीत जातो.

१६ मे

मुद्दे सुवाच्य अक्षरात लिहून काढले. उद्या टँकरच्या आधी मीटिंग. आलेखही काढलाय, तांबड्या पेन्सिलने.

१७ मे, रविवार

लिहू की नको. लिहितेच.

उभी राहिले. चौदा, सोळा, ०.०००१२ — सगळं घडाघडा बोलले. आलेख दाखवला. पंढरीनाथांचं नाव घेतलं. ते शांतपणे म्हणाले, "ताई, डबा माझा, चिठ्ठ्या तुमच्या." मी म्हटलं, मग उघडा सगळ्या. ते म्हणाले, "नको." मी म्हटलं, का नको? बाबाजी मागून माझा पदर ओढत होते. मी झटकला.

त्यांनी डबा टेबलावर पालथा केला.

सोळा चिठ्ठ्या. सातांवर हंसाबेन! एक गुजरातीत, तिची स्वतःची. बाकी सहा वेगवेगळ्या हातांच्या. एक पंढरीनाथांच्या अक्षरात — ते खिडकीकडे बघत होते. तळमजल्याची द्वारका एकदम म्हणाली, "मला वाटलं मी एकटीच लिहिते." आणि एक चिठ्ठी आलेखाच्या कागदावर, बाबाजींच्या जांभळ्या शाईत. मागे माझंच चेंडूंचं गणित.

म्हणजे आमचं नाव डब्यात नव्हतंच. आम्ही गाळ भरत होतो तो आमच्याच चिठ्ठीने.

हंसाबेन कोपऱ्यात बसल्या होत्या. मला त्या दिसल्याच नव्हत्या. उठल्या, टेबलाशी आल्या, सातही चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या. "इतने दिन मैं समझी मेरा नसीब अच्छा है," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून — "अब से सब लोग अपना अपना नाम लिखेंगे. मेरे सामने."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१८ मे

सहा भागिले चौदा, ०.४३. सात भागिले सोळा, ०.४४. म्हणजे काढणारा हात निर्मळच. सगळं माझ्याच कागदावर होतं. प्रश्नसंग्रहात पहिल्याच पानावर छापलंय — आधी गृहीत धरलेल्या गोष्टी तपासा. मी धरलं होतं की प्रत्येक जण आपलंच नाव लिहितो.

बाबाजी जेवतात, ताट उचलतात, गॅलरीत जातात.

२१ मे

हंसाबेनकडे गेले. दार उघडलं, चहा दिला, परीक्षेचं विचारलं. माफी मागायचं मनात होतं, जमलं नाही. दोरीवर चादरी वाळत होत्या. निघताना म्हणाल्या, "तुम्हारा हिसाब बराबर था."

२४ मे, रविवार

सोळा नावं, सोळा चिठ्ठ्या. सगळ्यांसमोर लिहिल्या. सोडत एकदम निर्मळ. निघाला बारा नंबर — म्हणजे आम्ही पंधरावे, हंसाबेन सोळाव्या. माझे दोन हंडे भरून तिच्या दाराशी ठेवून आले, बेल न वाजवता. संध्याकाळी दार उघडलं तर ते आमच्या उंबऱ्याशी. भरलेलेच.