जे आक्का बोलल्याच नव्हत्या

प्रिय आबा,

तुम्हाला जाऊन सहा महिने झाले आणि मी एकदाही तुम्हाला लिहिलं नाही. आज लिहितेय, तेही तुमची आठवण दाटून आली म्हणून नव्हे. घाबरलेय म्हणून लिहितेय. अकरा वाजता कागलच्या सुनंदाक्कांचा फोन यायचाय. आत्ता कुठे दहा वाजून गेलेत, आणि राजारामपुरीतल्या या खोलीत मी तिसऱ्यांदा चहा टाकलाय. एकही कप धड प्यायले नाही.

सुनंदाक्का म्हणजे माझ्या क्लायंट. उसाच्या रोपांची नर्सरी आहे त्यांची. शाळेतली कारकुनी सोडून मी फ्रीलान्स लिहायला लागले, त्याला आठ महिने झाले. त्यातलं हे तिसरंच काम. नर्सरीचं पत्रक लिहून द्यायचं होतं. त्यात मी एक वाक्य घातलं, "एकही रोप मेलं तर बदलून देऊ!" उद्गारचिन्हासकट. किती खूश होते मी त्या वाक्यावर! आक्का तसं बोलल्याच नव्हत्या. दुसऱ्या नर्सऱ्या काय लिहितात ते बघून मी आपलं ठोकून दिलं. पत्रक छापून गावोगाव वाटलं गेलं, आणि काल एक शेतकरी वाळलेल्या रोपांचे ट्रे टेम्पोत घालून आक्कांच्या दारात हजर! रात्री आक्कांनी त्या ट्रेंचा आणि त्याच्या हातातल्या पत्रकाचा फोटो धाडला, तेव्हा मला कळलं.

सकाळी आक्कांचा निरोप आला. "अकराला फोन करते. उचला." एवढाच.

उत्तर मी तयार ठेवलंय, आबा. तुम्हाला ते आवडणार नाही. मजकूर पाठवला तेव्हा आक्कांनी मोबाईलवर अंगठ्याचं चित्र पाठवलं होतं. ते जपून ठेवलंय. "तुम्हीच मंजूर केलं होतं" असं लिहून ते त्यांनाच परत पाठवायचं, की मी मोकळी. बोट बटणापर्यंत गेलंही होतं. तेवढ्यात तुमची टपरी आठवली, आणि मी फोन उपडा ठेवून ही वही ओढली.

गारगोटीच्या कचेरीसमोरची ती पत्र्याची टपरी! तिथं बसून तुम्ही आयुष्यभर लोकांचे अर्ज लिहून दिलेत. सुट्टीत मी डबा घेऊन यायचे. एकदा एक माणूस तावातावानं आला होता, आठवतं? "भावाला आत घालायचा हाय, तसं लिवा." तुम्ही त्याला बसवलंत, पाणी दिलंत, तो बोलला तसं सगळं लिहून घेतलंत. मग अंगठा घ्यायच्या आधी अख्खा अर्ज त्याला मोठ्यानं वाचून दाखवलात. आपलेच शब्द ऐकून तो खाली बघायला लागला. म्हणाला, "एवढं नगं. बांधावरनं पानी सोड म्हनावं, तेवढंच लिवा." तुम्ही कागद फाडलात आणि हूं की चूं न करता नवा घेतलात.

मी काय केलं? आक्का तीनदा म्हणाल्या, "ताई, फोनवर बोलू की." मी दर वेळी प्रश्नांचा कागद पाठवला. तुमचा ग्राहक कोण? भाषा कशी हवी? आक्कांनी प्रत्येक प्रश्नापुढं एकच लिहिलं, "फोन करा". मी केला नाही. फोनवर माणूस काहीही विचारतं, आणि आपण अडखळलो की नवखेपण उघडं पडतं. त्या भीतीपायी मी बोलणंच टाळलं.

थोडा दोष तुमचाही आहे हं! मी बाकावर टेकले की म्हणायचात, "ऊठ, अब्यास कर जा. तुला काय हितं बसायचं हाय व्हय?" अहो, बसले असते तर आज कामाला आलं नसतं का?

आणि माझा दोष? नोकरी सोडली तेव्हा तुम्ही रोज विचारायचात, "आज काय लिवलंस? वाचून दाखव की." मी म्हणायचे, "आबा, ते तुम्हाला नाही कळायचं." तुम्ही नुसतं "बरं" म्हणायचात. जन्मभर दुसऱ्यांना वाचून दाखवलंत, आणि तुम्हाला वाचून दाखवायला तुमच्या पोरीला वेळ नव्हता! कसला वेळ नव्हता, आबा?

थांबा, फोन वाजतोय. अजून अकरा कुठे वाजलेत!

*

झालं बोलून. विसरायच्या आत लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या.

"अवं ताई, कुठनं आनलं हे? मी कवा म्हटलं हुतं बदलून देते म्हून?" सुरुवातच तशी. अंगठ्याचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "मला मोबाईलवरचं बारीक दिसत न्हाय. तुमी शिकल्याल्या, बरुबरच लिवलं असनार म्हून अंगठा धाडला."

मी म्हटलं, "आक्का, ते वाक्य तुमचं नाही, माझं आहे. न विचारता घातलं. चूक माझी." मग विचारलं, त्या शेतकऱ्याचं काय झालं?

"दिली की नवी रोपं. माझ्या नावानं छापलंय न्हवं? मग शब्द पाळाय नगो?"

आबा, त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग म्हटलं, रोप देताना तुम्ही माणसाला काय सांगता, ते तसंच्या तसं सांगा. आक्का बोलत सुटल्या. "नेल्याल्या दिशीच लावा. ट्रे उनात ठेवू नगा. हितं हाय तवर रोप माझं, तुमच्या रानात गेलं की तुमचं." मी लिहून घेतलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटी त्यांनी अडवलं, "'तुमचं' म्हनून सोडू नगा ताई. अडलं तर फोन करा, हे बी घाला." हे माझ्या प्रश्नांच्या कागदात कुठून आलं असतं?

पुढचं काम देणार का, ते विचारायचा धीर झाला नाही. "बघू" म्हणाल्या. जुनं पत्रक अजून किती गावांत फिरतंय? आणखी किती जण ट्रे घेऊन येतील, आणि आक्का प्रत्येकाला रोपं देत बसतील?

पण तुम्हाला शब्द देते, आबा. माणूस जे बोललं नाही, ते त्याच्या नावावर लिहिणार नाही. फोन टाळणार नाही. आणि वाचून दाखवल्याशिवाय कुणाचा अंगठा घेणार नाही, मोबाईलवरचासुद्धा.

हे पत्रही आत्ता खोलीत मोठ्यानं वाचलं. "एवढं नगं" म्हणायला तुम्ही नाही, म्हणून रडण्याच्या दोन ओळी मीच खोडल्या. बाकीचं बरोबर आहे ना?

तुमची,
वैशाली