एक लिटरचा माणूस

तासगाव, ६ एप्रिल १९९६

प्रिय मित्र जालिंदर यास,

चांदसाहेबचा सलाम. वाईत तुझी, वहिनींची आणि तुझ्या डाव्या गुडघ्याची तब्येत बरी असेल अशी आशा आहे. माझी विचारू नकोस, मीच सांगतो, कारण मी अजून धक्क्यातून सावरलेलो नाही.

गेल्या महिन्यात पाय सुजले म्हणून तुझ्या फरीदाभाभीने मला सांगलीच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, किडन्या थकल्यात. या किडन्या म्हणजे मुठीएवढे दोन गोळे, पण दिवसाला पावणेदोनशे लिटर पाणी रक्तातून गाळतात, घाण बाजूला काढतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकीचं सगळं परत रक्तात पाठवतात. (मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी पावणेदोनशेच सांगितलं.) पन्नास वर्षं माझ्या पाठीत एवढा कारखाना चालू होता आणि मालकाला पत्ता नाही. आता पाणी बाहेर पडत नाही, म्हणून आत घालायचं तेही मोजून, दिवसाला एक लिटर. त्यात चहा, ताक, आमटी सगळं आलं. द्राक्षं बंद. जन्मभर द्राक्षांतलं पाणी उडवून बेदाणे विकले, आणि माझ्याच अंगातलं पाणी हलेना, याला काय म्हणावं?

त्यात सुमैराचं लग्न ५ मेला ठरलेलं. आवतणं घरोघर जाऊन द्यायची, आणि आपल्याकडे चहा घेतल्याशिवाय कोण सोडतं? गुरुवारी इस्लामपूरला गेलो. तीन घरांत तीन कप झाले. चौथं घर आप्पासोचं, माझ्याकडून बेदाणे नेणारा जुना दुकानदार. त्याची बायको रंगुबाई चहा टाकायला उठली आणि मला काय बुद्धी झाली कोण जाणे, म्हणालो, "आज रोजा आहे." रमजान ईद होऊन दीड महिना झालेला, आप्पासोने माझ्याच घरी दोन वाट्या शीरखुर्मा खाल्लेला. पण गुरुवारचा जादा रोजा म्हटल्यावर दोघंही गंभीर झाले.

"आवं, मग रोजा सोडल्याबिगर कसं जाशीला?" रंगुबाई म्हणाली. "उपाशी माणूस यष्टीत बसवून धाडला, तर लग्नात तोंड कसं दावू?"

तीनला आलेला मी पावणेसातपर्यंत बसलो. तोवर त्या घरात कुणी माझ्यासमोर पाणीसुद्धा प्यायलं नाही. दिवस मावळला तसं पुढ्यात खजूर, कलिंगड, तांब्याभर लिंबाचं सरबत आणि वर मसाल्याचं दूध. (दूध घरच्या म्हशीचं, नाही म्हणायची सोय नव्हती.) रंगुबाई इतक्या मायेने वाढत होती की खरं सांगायला जीभ रेटेना. अर्धा कप टाळायला गेलो आणि दीड लिटर घेऊन आलो.

सकाळी वजन दोन किलो जास्त, चपलेत पाय जाईना, आडवं झालं की दम लागे. डॉक्टरांनी औषध देऊन पाणी उतरवलं आणि बजावलं, पुन्हा असं झालं तर मशीनवर घ्यावं लागेल. जालिंदर, मी घाबरलोय. लेकीच्या निकाहाला मला मांडवात बसायचंय, दवाखान्यात नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
चांदसाहेब

ता. क. : एकतीस घरं राहिली आहेत. चार दिवस काढून ये. पत्रिका मी देईन, चहा तू पी. (तुला साखरेचा आजार नाही, हे वहिनींना विचारून झालं आहे.)

आणखी एक : महिना झाला, फरीदाने घरात चहा केलेला नाही. आताशा आवडत नाही, म्हणते. दिवसाला पाच कप पिणारी बाई. तू आलास की पाहुण्यासाठी तिला करावाच लागेल, तेव्हा तिलाही समोर बसवून एक कप प्यायला लाव. मी तेवढा वेळ बाहेर फिरून येतो.