वरचा बोल्ट आणि आईंचा हात

मेहुणेबुवांना सादर नमस्कार (वाकून केलाय असं समजून घ्या, सध्या मी वाकलो की सरळ होत नाही आणि सरळ झालो की वाकत नाही, त्याचं कारण पुढे येईलच). तुमचा गुडघा काय म्हणतोय? वहिनींचा खोकला गेला का? इकडे सगळी मंडळी खुशाल आहेत. आईंची तब्येत ठणठणीत आहे. पत्रास कारण की, ठरल्याप्रमाणे या रविवारी आईंना तुमच्याकडे पोचवायचं होतं. सहा महिने मुलीकडे, सहा महिने मुलाकडे, हा आपला जुना करार, आणि तो मोडायची माझी छाती नाही. पण गाडी बंद पडली आहे आणि रविवारचं काही खरं दिसत नाही. बसने पाठवा म्हणाल तर बसमध्ये त्यांना मळमळतं. स्वतः न्यायला येतो म्हणाल तर आधी तो गुडघा बघा. हे एवढं लिहून पत्र पाकिटात घालता आलं असतं, पण मग तुम्ही म्हणाला असतात की जावई सबबी सांगतोय. म्हणून साग्रसंगीत लिहितो.

त्याचं असं झालं. सोमवारी सकाळी किल्ली फिरवली तर गाडी नुसतं "टक्" म्हणाली आणि गप्प बसली. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. (तुमची बहीण रागावली की अगदी असंच करते, म्हणून मी आधी दुर्लक्ष केलं.) शेवटी मेकॅनिकला बोलावलं. त्याने कान लावून ते टक् ऐकलं, स्टार्टर गेला म्हणाला, आणि तो कुठे असतो विचारल्यावर इंजिनाच्या मागे कुठेतरी पाताळाच्या दिशेने बोट दाखवलं. या आठवड्यात वेळ नाही, आणि या गाडीचा स्टार्टर म्हणजे डोक्याला ताप, असंही वर ऐकवलं. मी म्हटलं, मग मीच बदलतो की घरी. त्याने माझ्या हातांकडे पाहिलं, "तुम्ही चष्मेवाले ना?" एवढंच विचारलं आणि हसत हसत निघून गेला. मेहुणेबुवा, ते हसणं मला फार लागलं. अहो, मी रोज स्क्रूंमध्ये वावरणारा माणूस. आता माझा सगळ्यात मोठा स्क्रू मोहरीएवढा असतो हे मान्य, पण स्क्रू तो स्क्रूच! त्याच दुपारी जाऊन नवा स्टार्टर घेऊन आलो.

मंगळवारी दुकान तुमच्या बहिणीवर सोपवलं आणि मागच्या शेडमध्ये गाडीखाली शिरलो. बॅटरीची वायर आधी काढून ठेवली (तेवढी अक्कल मला आहे, काय समजलात). आणि मग मला स्टार्टरचं दर्शन झालं. ज्याने ही गाडी बनवली त्याने आधी स्टार्टर जमिनीवर मांडला असावा आणि मग सावकाश त्याच्याभोवती गाडी बांधली असावी. वरून बघावं तर मध्ये नळ्या, खालून बघावं तर मध्ये लोखंड, बाजूने बघावं तर मान अडकते. माझी अडकली. ती सोडवायला तुमच्या बहिणीला गिऱ्हाईक तसंच बसवून यावं लागलं, आणि तिने मान सोडवता सोडवता जे काही ऐकवलं ते त्या गिऱ्हाइकानेही ऐकलं. असो. मी एक एक भाग उतरवत गेलो आणि त्याचे स्क्रू-बोल्ट चष्म्याच्या रिकाम्या डब्यांत घालत गेलो. एका भागाचे बोल्ट एका डबीत. डब्या ओळीने मांडल्या. इतकं नीटनेटकं काम त्या मेकॅनिकच्या बापजन्मी झालं नसेल, असं मी तेव्हा मोठ्याने म्हणालोही.

स्टार्टर दोन बोल्टांवर असतो. खालचा दिसतो, वरचा दिसत नाही. तो आहे हे फक्त श्रद्धेने मानायचं. बॉनेट उघडून वरून घातलेला माझा हात मनगटापर्यंत गेला आणि तिथेच अडला. तुमच्या बहिणीला बोलावलं. तिचाही अडला. "तुझा हात माझ्यापेक्षा बारीक असेल असं वाटलं होतं," असं मी अगदी सहज म्हणालो, आणि त्या संध्याकाळी मला चहा मिळाला नाही. शेडच्या दारात खुर्ची टाकून आई विणत बसल्या होत्या. त्यांनी सुया बाजूला ठेवल्या, बाही वर सरकवली आणि म्हणाल्या, "जावईबापू, सरका जरा."

मी नको नको म्हणतोय तोवर त्यांचा हात कोपरापर्यंत आत. डोळे छताकडे आणि बोटं आत चाचपडतायत. (त्या विणतानाही लोकरीकडे बघत नाहीत, तुम्हाला माहीतच आहे.) "हा सापडला. सहा कडांचा आहे. पाना द्या," म्हणाल्या. मी छोटा पाना दिला. खुट्ट आवाज झाला, आणि मग बोटांनीच फिरवून फिरवून त्यांनी तो बोल्ट काढला की हो! आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. आणि तेव्हा कळलं की हात बाहेर येत नाही. रिकामा हात आत गेला होता, आता बोल्ट धरलेली मूठ बाहेर यायला मागत होती. मी म्हटलं, आई, बोल्ट सोडा. त्या म्हणाल्या, मुळीच सोडणार नाही, खाली पडला तर शोधणार कोण, तुम्ही? तुमच्या बहिणीने समजावलं, मी हात जोडले, पण तुमच्या मातोश्री कुणाचं ऐकतात का! शेवटी मी पुन्हा गाडीखाली गेलो आणि, आता सोडा, मी झेलतो, असं म्हणालो. त्यांनी सोडला. तो नळ्यांमधून टणटणत आला आणि थेट माझ्या कपाळावर बसला. वरून प्रश्न आला, "सापडला का हो?"

बुधवारी नवा स्टार्टर जागेवर बसवला. आईंनी वरचा बोल्ट लावून दिला. आता उलट्या क्रमाने सगळं जोडायचं, झालं. एक एक डबी उघडत गेलो. हवेच्या नळीचे बोल्ट मिळाले, पत्र्याचे मिळाले, आणि शेवटची डबी उघडली तर आत चष्मा! जाड भिंगांचा, सोनेरी काड्यांचा. पुढची गोष्ट तुमच्या बहिणीने कबूल केली ती अशी: आदल्या संध्याकाळी रागाच्या भरात ती शेड आवरायला आली, हातातली तयार चष्म्याची डबी तिथे ठेवली आणि जाताना शेजारची उचलून नेली. ती डबी तिने नव्या चष्म्यासाठी खोळंबलेल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना दिली. मी डोक्याला हात लावून बसलो (कपाळ सोडून, तिथे टेंगूळ होतं). तेवढ्यात बाई स्वतःच दुकानात हजर. डबी टेबलावर ठेवली, उघडली, आणि शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "हा नंबर मला लागत नाही." आत गाडीच्या खालच्या ब्रॅकेटचे दोन बोल्ट. मी उभा राहून माफी मागितली. मला अजून थोडा वेळ उभं राहायला सांगतील असंच वाटत होतं.

तर असा हा प्रकार. गाडी अजून तयार नाही. बरीच जोडाजोड बाकी आहे, घाई करून भागत नाही, आणि अर्धवट गाडीतून आईंना एवढ्या लांब आणणं माझ्या मनाला पटत नाही. तेव्हा रविवारी वाट पाहू नये. गुडघ्याला शेक घ्यावा. वहिनींना नमस्कार, मुलांना धपाटे आणि पापे, ज्याला जे लागू पडेल ते.

तुमचा आज्ञाधारक (आणि ठिकठिकाणी सुजलेला) मेहुणा

ता. क. तुमच्या बहिणीने पत्र वाचलं. खोटं लिहिलेलं पाकीट मी टाकणार नाही म्हणते. तेव्हा लिहितो: गाडी गुरुवारीच चालू झाली. किल्ली आईंना फिरवायला दिली होती. पहिल्याच झटक्यात इंजिन घुरघुरलं आणि आई स्टिअरिंगवर डोकं टेकून खदाखदा हसल्या. बाबा गेल्यापासून त्यांना असं हसताना आम्ही कुणी पाहिलं नव्हतं.

आणखी एक ता. क. मेहुणेबुवा, खरं सांगतो. सहा महिने त्या आमच्या घरात पाहुण्यासारख्या राहिल्या. चहा घेऊ का, दिवा लावू का, सगळं विचारून. तुमच्याकडेही तसंच असेल. त्यात दोष ना तुमचा, ना आमचा. पण या आठवड्यात त्या मला दटावत होत्या, पाना मागत होत्या, काळ्या हातांनी घरभर फिरत होत्या. गुरुवारी गाडी बंद करून त्या आत आल्या, बराच वेळ हात धूत राहिल्या, आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "म्हणजे आता रविवारी निघायचं." माझ्याच्याने हो म्हणवेना. मी म्हटलं, छे, निघायचं कसलं, वरचा बोल्ट अजून सैल आहे. तो बोल्ट त्यांनी स्वतःच्या हाताने करकचून आवळला होता. त्या वळल्या, माझ्याकडे बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, "हो ना, मलाही तसंच वाटत होतं." तेव्हा तुम्हीच सगळ्यांना घेऊन इकडे या, हवं तेवढं राहा, पण तो बोल्ट तेवढा सैलच राहू द्या.