ड्राइव्ह रिकामा आहे का?

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ८.०५
नवी वही. फक्त माझ्यासाठी.
प्रोबेशन २८ तारखेला संपतं. साहेब कायम करतील, यात शंका नाही. मी ताईकडे राहतो. नाहीच केलं, तर भाऊजींचं झेरॉक्सचं दुकान आहेच, असं ते रोज जेवताना सांगतात. मला झेरॉक्स काढायच्या नाहीत. कॉलेज दुसऱ्या वर्षी सुटलं हे खरं. पण शुद्धलेखनात ऑफिसात माझा हात धरणारा कोणी नाही.
परिस्थिती नीट लिहून ठेवतो. आमचं ऑफिस इमारतींचे नकाशे काढतं. सर्व्हर तीन: नकाशे, पत्रव्यवहार, पगार. रात्री तिघांनाही आपापली प्रत टेपवर उतरवायची असते. टेप ड्राइव्ह दोनच. म्हणून चौथा सर्व्हर आहे, त्याला सगळे मुकादम म्हणतात. ज्याला ड्राइव्ह हवा त्याने मुकादमाकडे मागायचा, काम झालं की परत करायचा. सकाळी रिपोर्ट पाहणं, हे माझं काम.
संकल्प: महिनाभर शंभर टक्के यशस्वी बॅकअप.

४ नोव्हेंबर. सकाळी ८.१०
पगारचा बॅकअप ड्राइव्हसाठी दोन तास ताटकळला. झाला, पण उशिरा. मुकादमावर विसंबून चालणार नाही.
माझ्या पीसीवर एक छोटी स्क्रिप्ट बसवली. इंटरनेटवरून घेतली, स्पेलिंगच्या चुका मी दुरुस्त केल्या. ती मुकादमाला वळसा घालून दर पंधरा मिनिटांनी थेट ड्राइव्हलाच विचारते: बाबा रे, रिकामा आहेस का?
त्यासाठी पीसी रात्रभर चालू ठेवावा लागेल. संध्याकाळी बंद करण्याचा नियम आहे. पण नियम सर्वसामान्य कर्मचाऱ्यांसाठी असतो.

५ नोव्हेंबर
पगार नापास. पत्रव्यवहार अर्ध्यात थांबला. बरं झालं, कालपासूनच लक्ष ठेवायला लागलो.
आता दर पाच मिनिटांनी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
नकाशेही नापास. माझा संशय पगारवर. ड्राइव्ह धरून बसतो आणि सोडत नाही. स्वभावानेच आपमतलबी. साहेबांना तसं सांगितलं. साहेब म्हणाले, अरे, सर्व्हरला कसला आलाय स्वभाव, जरा नीट बघ.
बघतोच आहे. दर मिनिटाला.
संध्याकाळी ताई खाली रिक्षात थांबली होती. गडबडीत पीसी बंद करून निघालो. जीव टांगणीला.

१० नोव्हेंबर, सोमवार
तिन्ही रात्री तिन्ही बॅकअप पास! सुट्टी मिळाली की यंत्रंही ताजीतवानी होतात, असं दिसतं. साहेबांना कळवलं. माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. प्रभावित झाले असावेत.
पीसी चालू केला. देखरेख पूर्ववत.

१२ नोव्हेंबर
दोन दिवस सगळं नापास. जेवण गेलं नाही. ताई भाजी करत होती, मी झाकण काढून बघत होतो. ती म्हणाली, आता चौथ्यांदा उघडलंस. तू असा सारखा डोकावत राहिलास तर भाजी शिजायची कधी? भाऊजी म्हणाले, दुकानात झाकण एकच आहे, झेरॉक्सची काच झाकायचं.
टेप ड्राइव्हचा ताण या घरात कोणाला समजणार?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
अत्यंत गंभीर प्रकार. सफाईच्या मावशींनी काल संध्याकाळी ६.१२ वाजता माझ्या पीसीचा प्लग काढून तिथे व्हॅक्यूम क्लीनर लावला. रात्रभर देखरेख शून्य! तिन्ही बॅकअप पास झाले हे केवळ नशीब.
साहेबांकडे लेखी तक्रार. दोन पानं. सोबत तक्ता: पीसी कधी चालू, कधी बंद, कोणता बॅकअप पास, कोणता नापास. काळ्या आणि लाल शाईत.
मावशी म्हणाल्या, अरे बाळा, तुझा तो डबा रात्रभर कोणाची वाट बघत जागतो?
यापुढे शनिवार-रविवारीही पीसी चालू.

१९ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी
नकाशे काढणाऱ्या मोठ्या मॅडमच्या हातून एका इमारतीच्या नकाशातला जिना पुसला गेला. कालची प्रत मागितली. कालची नाही. परवाची नाही. शनिवार-रविवारचीही नाही. मावशींच्या रात्रीची आहे. त्यात जिना पहिल्या मजल्यापर्यंतच काढलेला. मॅडम म्हणाल्या, मग वरच्यांनी काय उड्या मारायच्या?
साहेबांनी बाहेरून इंजिनिअर बोलावला. भाऊजींना कोणी सांगितलं कोण जाणे. त्यांनी दुकानातलं स्टूल पुसून ठेवलंय.

२० नोव्हेंबर
इंजिनिअरसमोर सगळे पुरावे ठेवले. त्यांनी तक्रार दोनदा वाचली. अक्षर आवडलं असं वाटलं.
मग म्हणाले, तुमचा पीसी बंद त्या रात्री बॅकअप पास, चालू त्या रात्री नापास. हे तुम्हीच लिहिलंय, लाल शाईत.
म्हणे, ड्राइव्हला थेट हाक मारली की तो हातातलं काम टाकून उत्तर द्यायला उठतो, आणि टेप मागे गुंडाळून बसतो. कोणता ड्राइव्ह कोणाकडे आहे, हे मुकादमाकडे लिहिलेलं असतं. विचारायचं तर त्याला. मी म्हणालो, पण मी तर फक्त विचारत होतो. ते म्हणाले, हो, दिवसातून चौदाशे चाळीस वेळा.
साहेबांनी माझा पीसी स्वतःच्या हाताने बंद केला.
पगार सर्व्हरची मनातल्या मनात माफी मागितली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी ४.००
साहेबांनी बोलावलं. आठ दिवस सगळे बॅकअप पास. त्यात माझा वाटा काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मी काहीच केलं नाही. ते म्हणाले, शाब्बास.
कायम नाही. प्रोबेशन तीन महिने वाढलं. अट एकच: साडेपाचला पीसी बंद. त्यानंतर चालू दिसला, तर दुसऱ्या दिवशी येऊ नको. बंद आहे का ते तपासायचं काम मावशींकडे दिलंय. मी सुटलो! आता चूक होणे नाही.

५.३०
पीसी बंद केला.

५.३४
फाटकापाशी आहे. पीसीच बंद केला, की नुसता स्क्रीन?

५.३८
परत आलो. स्क्रीन काळा. पण काळा म्हणजे बंदच, असं नाही. खात्री करायला बटण दाबलं.
बंदच होता.

५.४१
आता चालू होतोय. अपडेट घेतोय. "पीसी बंद करू नका" असं लिहून आलंय. चार टक्के.
मावशी दारात उभ्या. मी म्हणालो, मावशी, प्लग हवा असेल तर खुशाल काढा. म्हणाल्या, नको रे बाबा, तुझी तक्रार गेल्यापासून मी झाडूच मारते.
पाच टक्के.